पहिलटकरणीसाठी: आठव्या महिन्यापासून उष्टावणापर्यंत

पहिल्या बाळंतपणात घरादाराची नजर बाळावर असते. ते साहजिकच आहे. पण त्या सव्वा महिन्यात घरात जपायचे जीव दोन असतात, आणि त्यातली बाळंतीण बहुतेक घरांत हळूहळू नजरेआड होते. माझी लेक आता शाळेत जाते. त्या दिवसांकडे आज पाहताना नव्याने आई होणाऱ्या प्रत्येकीला मला एकच सांगावंसं वाटतं: तुमची झोप, तुमचं जेवण आणि तुमचं मन यांची तजवीज बाळ येण्याआधी करून ठेवा. बाळाची निम्मी काळजी त्यातच मिटते. म्हणून झबली-टोपड्यांच्या आधी माणसांचा आणि कामांचा विचार करू.

सातवा संपताना: जागा ठरवा, माणसं ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मला ती आवडते. आईच्या घरात सकाळी उशिरापर्यंत झोपलं तर कुणाला जाब द्यावा लागत नाही. पण माहेर नक्की करण्याआधी तिथल्या दवाखान्यात तीन गोष्टी विचारून घ्या. रात्री-अपरात्री सिझेरियनची सोय आहे का? रक्त लागलं तर कुठून येतं? बाळाला काही झालं तर बालरोगतज्ज्ञ किती वेळात पोचतात? उत्तरं पटली नाहीत तर आईला सासरी बोलवा. माहेरपण नंतरही करता येतं.

माहेरी जायचं ठरलं तर आठवा लागायच्या आत जा आणि तिथल्या डॉक्टरांना निदान दोन-तीनदा भेटा. सोबत संपूर्ण फाइल हवी: रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि कावीळ ब (हेपॅटायटिस बी) चे अहवाल, सगळ्या सोनोग्राफी, आणि सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळावं लागतं. ते नेमकं तेव्हा जवळ नसेल तर धावपळ होते, म्हणून आधीच विचारून ठेवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. खासगी डॉक्टर चालू असले तरी त्या दिवशी जाता येतं.

आता कामांची वाटणी. एक कागद घ्या आणि घरातल्यांना एकत्र बसवून त्यावर नावं लिहा. रात्री बाळाचं दुपटं कोण बदलणार, बाळंतिणीचं सकाळचं जेवण कोण बघणार, औषधं कोण आणणार, दवाखान्याचे पैसे आणि कागद कोण सांभाळणार, बघायला येणाऱ्यांना ‘आता दोघी झोपल्यात, उद्या या’ असं कोण सांगणार. हे शेवटचं काम अवघड असतं. ते बाळंतिणीवर किंवा तिच्या आईवर टाकू नका, बाळाच्या बाबांना द्या. बाबांना पाजण्याखेरीज बाकी सगळं जमतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंगावर निजवणं, लसीला नेणं, यातलं काहीही शिकायला दोन दिवस पुरतात.

आणखी एक गोष्ट याच बैठकीत मिटवा. बाळाच्या आणि तुमच्या तब्येतीबाबत शेवटचा शब्द कुणाचा? आमच्या घरी ठरलं होतं की औषध, दूध आणि ताप या तीन बाबतींत डॉक्टर सांगतील तसं, आणि बाकी सगळं आई आणि सासूबाई म्हणतील तसं. ही रेघ आधी मारलेली असल्यामुळे पुढे एकदाही कुणाचा मान दुखावला नाही.

पिशवी भरताना

यादी फार लांबवू नका. तुमच्यासाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड, पायात घसरणार नाही अशी चप्पल, लांब वायरीचा चार्जर, फाइल, आधार कार्ड, विमा असेल तर त्याचं कार्ड. बाळासाठी जुन्या सुती साड्यांची किंवा धोतरांची धुऊन उन्हात वाळवलेली दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, एक कुंची. नवीन कपडा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नये. बाकी जे लागेल ते दुकानात मिळतं.

कळा नियमित होऊन जवळजवळ यायला लागल्या, पाणी गेलं किंवा अंगावर रक्त दिसलं तर निघा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच जा. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एक नातलग बाई राहू शकते. आत जाण्याआधीच तसं विचारा.

पहिला तास

बाळ जन्मल्यावर ते उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवलं जावं आणि पहिल्या तासात छातीला लावलं जावं, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. सिझेरियन झालं तरी हे बहुतेक वेळा जमतं. मी भुलीच्या गुंगीत होते, एका नर्सबाईंनी बाळाला माझ्या गालाशी आणि मग छातीशी धरून ठेवलं. त्यांचं नाव मला कळलं नाही, पण त्यांचे हात लक्षात आहेत.

पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं त्याला चीक म्हणतात. काही घरांत अजूनही ते पिळून टाकतात. टाकू नका. ते थोडंच असतं आणि थोडंच पुरतं, कारण बाळाचं पोटही इवलंसं असतं. त्यात रोगांशी लढणारी द्रव्यं भरपूर असतात. मध, गुळाचं पाणी, साखरेचं बोट, घुटी, यातलं काहीही पहिल्या दिवशी नको आणि पुढचे सहा महिनेही नको. मध तर वर्षभर अजिबात नाही, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. एखाद्या मोठ्या माणसाला मध चाटवायची हौस असेल तर बाळाच्या पायाला कुंकू लावून ठसे घ्यायला सांगा. हौसही होते, बाळही सुरक्षित.

दवाखान्यातून निघण्याआधी बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस मिळाली का, ते कार्डावर बघा. कावीळ ब ची पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते.

पाजणं: इथे सावकाश वाचा

पहिल्या आठवड्यात रडू आणणारी गोष्ट कळा किंवा टाके नसून पाजणं असते, असं मला आणि माझ्या बऱ्याच मैत्रिणींना आढळलं. सगळे म्हणतात, ‘ते आपोआप येतं.’ दूध येतं, पाजणं मात्र शिकावं लागतं, आईला आणि बाळालाही.

आधी तुम्ही आरामात बसा, पाठीला उशी घ्या. बाळाकडे वाकू नका, बाळाला स्वतःकडे आणा. त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, डोकं आणि अंग एका रेषेत. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला लावा आणि ते मोठा आ करेपर्यंत थांबा. मग झटकन जवळ घ्या. नुसतं स्तनाग्र नाही, भोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात गेला पाहिजे, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, मधूनमधून गिळल्याचा आवाज: हे जमलं की पकड बरोबर आहे. पहिल्या काही क्षणांनंतरही कळ येत राहिली तर पकड चुकली आहे. तेव्हा सहन करत बसू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय मागे जातील असं त्याला काखेखाली धरून.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे नेहमीचं आहे. संध्याकाळी काही बाळं तास-दोन तास सतत मागतात. तेव्हाच घरात कुणीतरी म्हणतं, ‘दूध पुरत नाही वाटतं हिला.’ हे वाक्य प्रत्येक पहिलटकरणीला ऐकावं लागतं आणि ते फार लागतं. रडण्यावरून दुधाचा हिशोब करू नका, ओल्या दुपट्यांवरून करा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा सू होत असेल, पहिली काळी चिकट शी जाऊन पिवळी शी येऊ लागली असेल, तर दूध पोचतंय. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघावं. माझ्या बाबांनी एका जुन्या वहीत रकाने आखून पाजण्याच्या, सूच्या आणि शीच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस. ‘दूध पुरत नाही’ असं कुणी म्हणालं की ते वही पुढे करायचे, आणि डॉक्टरांनाही तिचा उपयोग झाला.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास छाती दगडासारखी भरते. पाजण्याआधी कोमट पाण्याचा कपडा ठेवा, हाताने थोडं दूध काढा म्हणजे काळा भाग मऊ होऊन बाळाला धरता येतो, आणि पाजून झाल्यावर गार कपडा ठेवा. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि सोबत ताप असेल तर डॉक्टरांकडे जा, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नका.

आणि वरचं दूध खरंच लागलं तर? लागू शकतं. बाळ लवकर जन्मलं, साखर कमी झाली, आईची तब्येत फार बिघडली, अशी कारणं असतात. डॉक्टरांनी सांगितलं तर ते द्या आणि मनाला लावून घेऊ नका. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दिलं तर बाळ पुन्हा छातीला लागायला सोपं जातं. काही मोठ्या रुग्णालयांत दात्या मातांच्या दुधाची पेढी असते, नाजूक बाळांसाठी तिची चौकशी करा. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली. आपल्या शेजारी हे काम इतकी वर्षं चाललं आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

घरी आल्यावर: बाळाचं काय करायचं, काय नाही

बाळाला ऊब हवी आणि स्वच्छ हात हवेत. बाकी पुष्कळसं नंतर. ऊब बघायची सोपी खूण: पोट आणि पाऊल दोन्हींना हात लावा. पोट गरम आणि पाऊल गार असेल तर बाळाला थंडी वाजते आहे. टोपडं घाला, छातीशी घ्या. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर त्याला दिवसातले जास्तीत जास्त तास उघड्या छातीशी बांधून ठेवायला डॉक्टर सांगतात. हे काम आजी, बाबा, आत्या कुणीही करू शकतं.

नाळ एक-दोन आठवड्यांत आपली आपण गळते. तिला तेल, हळद, राख, पावडर काही लावू नका, कोरडी ठेवा. डोळ्यांत काजळ नको, कानात-नाकात तेल नको. तीट लावायची असेल तर तळपायाला लावा.

मालिश करणाऱ्या मावशी हा आपल्याकडच्या बाळंतपणाचा मोठा आधार आहे. आमच्याकडच्या मावशी बाळाला पायांवर घेऊन गाणं म्हणत न्हाऊ घालायच्या आणि घर शांत व्हायचं. मालिश जरूर करा, हलक्या हाताने, खोबरेल तेलाने. पण तीन गोष्टी त्यांना पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा. नवजात बाळाची छाती कधीकधी सुजलेली असते, मुलगा असो की मुलगी. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे तसं होतं आणि आपोआप उतरतं. ती पिळायची नाही, त्याने पू होतो. टाळूवर तेल घालायचं तर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही. आणि नाक सरळ करायला ओढायचं किंवा त्यात फुंकायचं नाही. मुलीला पहिल्या आठवड्यात लंगोटावर थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, तेही संप्रेरकांमुळेच.

शेगडी आणि धुरीबद्दल मी ठाम आहे. बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. ओव्याचा वास हवाच असेल तर ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीने स्वतःचं अंग शेका. बाळाच्या खोलीत धूर नको.

झोपवताना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, तोंडाजवळ काहीही सैल नको. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देण्याची पद्धत आहे. बाळ जागं असताना आणि कुणी समोर बसलेलं असतानासुद्धा तिची गरज नाही, डोकं वाढीबरोबर आकार घेतं.

कावीळ बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते आणि जाते. पहिल्या २४ तासांत दिसली, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर लगेच दाखवा. उन्हात धरणं हा तिचा उपचार नाही. त्याशिवाय या खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या: बाळ पीत नाही किंवा अगदी मलूल आहे, अंग १००.४ फॅरनहाइटपेक्षा गरम किंवा हाताला थंडगार, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके येतात. यातली एकही दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका.

सरकारी व्यवस्थेत आशाताई घरी येऊन बाळ आणि आई दोघांना बघतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. यामागे गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, त्यांना आरोग्यदूत म्हटलं, आणि बाळांचे मृत्यू खूप कमी झाले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशांमार्फत सुरू झाली. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहतो म्हणून आशाताईंना दारातून परत पाठवू नका. वजनकाटा घेऊन घरी येणारं दुसरं कुणी नसतं.

बाळंतीण

अंगावरून रक्त जाणं चार ते सहा आठवडे चालतं, आधी लाल, मग गुलाबी, मग पांढरट. तासाभरात एक मोठा पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दुर्गंधी येत असेल, ताप असेल, तर त्याच वेळी दवाखाना. डोकं असह्य दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसणं हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं, आणि ते बाळंतपणानंतरही होतं, आधी रक्तदाब चांगला असलेल्या बाईलाही. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, हेही थांबण्यासारखं नाही. ‘बाळंतिणीला एवढं व्हायचंच’ हे वाक्य या यादीपुढे चालवून घेऊ नका.

जेवणाच्या बाबतीत आपल्या आज्या बऱ्याच बरोबर होत्या. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, खारीक-खोबरं, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, मेथी, वर तुपाची धार: दोन जिवांना लागणारी ताकद यात आहे. खीर माझी आई पहाटे करायची आणि मी पहिल्यांदा पाजून उठले की हातात द्यायची. जिथे असहमत व्हायचं ते पथ्याशी. भात खाल्ल्याने टाके पिकत नाहीत. पाणी प्यायल्याने पोट सुटत नाही. पाजताना तहान लागते, तेव्हा पाण्याचा तांब्या पाजायच्या जागेशी ठेवा. डाळ, उसळ, अंडी, फळं, पालेभाजी सगळं खा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. लोहाची गोळी चहा-दुधासोबत किंवा कॅल्शियमसोबत नको, लिंबूपाण्यासोबत चांगली लागू पडते. पोट बांधल्याने कमरेला आधार मिळतो, पोट आत जात नाही. फार आवळू नका. सिझेरियननंतर बाळापेक्षा जड काही उचलू नका, पण दुसऱ्या दिवसापासून घरात चालत राहा, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

झोपेचं गणित असं लावा: रात्री एक पाळी तुमची, एक दुसऱ्या कुणाची. पाजायला बाळ तुमच्याकडे आणायचं, पाजून झालं की ढेकर काढणं, बदलणं, निजवणं दुसऱ्याने. सलग चार तासांची एक झोप रोज मिळाली तर माणूस माणसात राहतो.

मन

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही कारण नसताना रडू येतं. संप्रेरकं एकदम उतरतात, झोप नसते, आणि एक अनोळखी जीव पूर्णपणे आपल्यावर अवलंबून आहे हे तेव्हा उमगतं. मला बारशाच्या तयारीचं बोलणं चाललेलं असताना रडू यायचं आणि आनंदाच्या घरात रडावं कसं, असं वाटायचं. माझी आजी येऊन नुसती पाय चेपत बसायची. ती म्हणायची, ‘रड गं, दूध आणि डोळे एकदमच भरतात.’ त्या वाक्याने मला जितका आधार दिला तितका दुसऱ्या कशाने दिला नाही. हे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं.

ओसरलं नाही तर तो आजार आहे. बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, कशातच गोडी न वाटणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा सतत भयंकर भीती वाटणं, आपण याला लायक नाही असं वाटत राहणं, जीव नकोसा होणं. त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधंही डॉक्टरांकडे आहेत. टेलीमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भास होत असतील, बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एकटीला सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नजर काढायची तर काढा, पण दवाखान्याच्या वाटेवर.

मुलगी झाली म्हणून उतरलेले चेहरे, किंवा ‘सिझेरियन झालं, म्हणजे कळा काही सोसल्या नाहीत’ असे शब्द, हे दोन घाव मी फार जणींना लागलेले पाहिले आहेत. घरातल्या जबाबदार माणसाने, शक्यतो नवऱ्याने, हे बोलणं तिथल्या तिथे थांबवावं. पाहुणा कितीही मोठा असो.

कागद, लस, पैसा

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. दवाखाना कळवतो, पण दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा करा आणि आई-वडिलांच्या नावांची अक्षरं आधारशी जुळतात का ते तिथेच तपासा. बाळाचं नाव नंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो.

लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग नऊ महिन्यांना. सरकारी दवाखान्यात मोफत. मांडीतल्या लसीनंतर एक-दोन दिवस ताप आणि सूज येऊ शकते. डॉक्टरांकडून तापाच्या औषधाचं माप वजनाप्रमाणे आधीच लिहून घ्या. ड जीवनसत्त्वाचे थेंबही विचारा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करा. नोकरी करत असाल तर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. माझा सल्ला: तब्येत साथ देत असेल तर आधी कमी घ्या, नंतर जास्त ठेवा.

सहाव्या आठवड्यानंतर

सहा आठवड्यांनी स्वतःची तपासणी करून घ्या. बाळाची लस असते म्हणून बाळाला नेलं जातं आणि आईची तपासणी राहून जाते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, लघवीवरचा ताबा, मन, सगळं डॉक्टरांना सांगा. खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल तर लाजू नका, व्यायामाने ते सुधारतं. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी आता पुन्हा तपासावी.

पाळणा लांबवण्याचंही याच भेटीत बोला. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत हा भरवसा अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवस-रात्र फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच तो टिकतो. तांबी, इंजेक्शन, निरोध, पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या गोळ्या, यातलं काय ते दोघांनी मिळून ठरवा.

कामावर परत जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दूध काढून ठेवायचा सराव करा आणि ते वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणाला तरी पाजू द्या. तुम्ही समोर असाल तर बाळ ते घेणार नाही, म्हणून त्या वेळी खोलीबाहेर जा. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तासांपर्यंत राहतं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात सरळ फ्रिजमध्ये ठेवा. दरवाज्यात नको, आत मागे ठेवा. गरम करायचं तर डबा कोमट पाण्यात धरा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते, मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा.

सहा महिने पुरे झाले की उष्टावण करा. मामाच्या मांडीवर बसवा, चांदीच्या वाटीतली खीर ओठाला लावायची ती लावा, आणि दुसऱ्या दिवसापासून खऱ्या जेवणाला लागा: मऊ वरण-भात वर तूप, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, भोपळा. पहिल्या वर्षी वरून मीठ-साखर नको. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून एक-दोनदा, आणि अंगावरचं दूध चालूच. बाळ तोंडातून बाहेर काढतं, फासतं, पाडतं. चार दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा द्या. आणि भरवायचं काम पहिल्या दिवसापासून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणजे त्या वेळी तुम्हाला स्वतःचं ताट गरम असताना जेवता येईल.